साडेसातची अरुंधती, दहाची अनुपमा

(दृश्य: हिवाळ्यातली दुपार. जुन्या वाड्याचा ओटा. परातीत वालपापडी, भोवती तीन बायका.)

पापडी निवडायला डोळे लागत नाहीत. शेंग कोवळी की जून, आत अळी आहे की नाही, हे बोटांनाच कळतं. तोंड मोकळंच राहतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या वाड्यात, सुरसागर तलावापासून चालत पाच मिनिटांवर, उंधियूची पापडी आणि मालिकांची पंचाईत एकाच परातीत निवडली जाते.

"ती मुक्ता नव्हतीच," माझी आत्या म्हणते आणि एक शेंग मोडते.

प्रकरण जुनं आहे. 'प्रेमाची गोष्ट'मध्ये मुक्ताचं काम तेजश्री प्रधान करत होती. 2025च्या जानेवारीत तिनं मालिका सोडली आणि तिच्या जागी स्वरदा ठिगळे आली. पण आत्याकडे प्रकरणं जुनी होत नाहीत.

"नवी मुलगी चांगलं करत होती हो," वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात.

"चांगलं करत होती. पण मुक्ता नव्हती."

वाद इथेच संपायला हवा, पण आत्याचं म्हणणं आणखी खोल जातं. तिच्या लेखी तेजश्री ही नटी नाहीच, ती ओळखीतली मुलगी आहे. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये ती जान्हवी होती, तेव्हा तिच्या वाट्याला सहा सासवा आल्या. 'अग्गंबाई सासूबाई'त शुभ्रा झाली, तर नवरा निघाला तो आईचा लाडावलेला बबड्या. मग मुक्ता. आणि आता 'वीण दोघातली ही तुटेना'मध्ये तिची जोडी कुणाशी, तर सुबोध भावेशी.

"त्या घरात मुलगी द्यायची नव्हती," आत्या अगदी गंभीरपणे सांगते. "त्यानं राजनंदिनीचं काय केलं, ते विसरलात का?"

राजनंदिनी 'तुला पाहते रे'मधली. तिथे सुबोध भावे विक्रांत सरंजामे होते आणि राजनंदिनीचा खून त्यांनीच केला होता. तीही मालिका संपून वर्षं झाली. वाहिनी तीच, पण घर वेगळं, नाव वेगळं, आता तो समर आहे. आत्याच्या हिशेबात हे सगळं एकाच माणसाच्या खात्यावर लिहिलं जातं.

हसायला येतं. मलाही येतं. पण मी बडोद्याचा आहे, त्यामुळे जरा जपून हसतो.

(दृश्य: मांडवीचा दरवाजा, रहदारी. आवाज तसाच पुढे.)

कारण या गावानं नटी आणि भूमिका यांत फरक न करण्याची एकदा चांगली मोठी परीक्षा दिली आहे. 1987 आणि 88मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं. त्याचं चित्रीकरण गुजरातमध्येच, उंबरगावला झालं. त्यातली सीता म्हणजे दीपिका चिखलिया. 1991च्या लोकसभा निवडणुकीत ती बडोद्यातून भाजपची उमेदवार म्हणून उभी राहिली आणि निवडून आली. त्याच वर्षी साबरकांठानं रावणाला, म्हणजे अरविंद त्रिवेदींना, निवडून दिलं. एकाच राज्यातून सीता आणि रावण एकाच बाजूच्या बाकांवर. आत्यानं तेव्हा मत कुणाला दिलं, ते ती आजही सांगत नाही. फक्त म्हणते, "अरे, सीतामाईला नाही कसं म्हणणार?"

(दृश्य: वाड्याचा जिना. दोन दारं समोरासमोर. एकावर मराठी तोरण, दुसऱ्यावर 'शुभ लाभ' गुजराती लिपीत.)

आता या जिन्यावर या. डावीकडे आत्या. उजवीकडे बेन. बेन गुजराती. गेली तीसेक वर्षं या दोघी एकमेकींना 'ताई' आणि 'बेन' याच नावानं हाका मारतात. त्यांच्या भिंतीला भिंत लागून आहे आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना काही वर्षं एकच गोष्ट चालू होती.

मूळ गोष्ट बंगाली. 2019 साली स्टार जलशावर 'श्रीमोयी' आली. संसारात पिचलेली बाई, नवऱ्याचं ऑफिसमधल्या बाईशी प्रकरण, मग घटस्फोट आणि बाईनं नव्यानं उभं राहणं. त्याच वर्षी डिसेंबरात ती स्टार प्रवाहवर मराठीत आली, 'आई कुठे काय करते'. आणि 2020च्या जुलैत स्टार प्लसवर हिंदीत, 'अनुपमा' म्हणून. मराठीतले देशमुख, हिंदीतले शाह. आणि हे शाह अहमदाबादचे.

बेन पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "आ तो आपणी ज वार्ता छे."

आत्या म्हणाली होती, "आमची आधी आली."

संध्याकाळी साडेसातला डावीकडून मराठीतल्या अरुंधतीचा आवाज यायचा, रात्री दहाला उजवीकडून अनुपमाचा. मधल्या अडीच तासांत जेवणं, भांडी आणि जिन्यातली तुलना. अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध वाईट की अनुपमाचा वनराज वाईट? यावर एकमत लवकर झालं: दोघंही. अनिरुद्ध मात्र मिलिंद गवळींनी इतका मनापासून केला, की आत्या आजही त्यांचा फोटो दिसला की पान उलटते.

खरी गंमत संजनाची, म्हणजे अनिरुद्धच्या ऑफिसमधल्या त्या बाईची. मराठीतली संजना सुरुवातीला दीपाली पानसरे होती, 2020मध्ये रूपाली भोसले आली. चेहरा बदलला की आत्या पंधरा दिवस त्या पात्राशी बोलत नाही, म्हणजे त्याचे प्रसंग आले की स्वयंपाकघरात जाते. संजनाच्या बाबतीत उलटं झालं. "आधीची संजना आली की भीती वाटायची," ती सांगते. "हिचं वाईट वाटायला लागलं." दुसऱ्या बाईची बाजू घेणारी आमच्या वाड्यातली ती एकटीच. संजनानं अनिरुद्धशी लग्न केलं आणि तिच्याही वाट्याला तेच आलं, तेव्हा आत्या म्हणाली, "बघा. आता हिचीही अरुंधती झाली." 'अनुपमा'तली अशीच दुसरी बाई म्हणजे काव्या. तिच्याबद्दल आत्या आणि बेनचं कधीच जमलं नाही. बेन काव्याला क्षमा करायला तयार नव्हत्या.

नटनट्यांच्या निवडीवर बेनचं मत वेगळंच आहे आणि ते मला अजून पटतं. त्या म्हणतात, "बा अने बापुजी साचा, बाकी बधा बहारना." बा म्हणजे अल्पना बुच, बापूजी म्हणजे अरविंद वैद्य. दोघंही गुजराती रंगभूमीवरचे. त्यांनी नुसतं 'हं' म्हटलं तरी ते अहमदाबादचं वाटतं. अनुपमा झालेल्या रूपाली गांगुली बंगाली. बेन म्हणतात, रडते छान, पण खाखरा शेकताना हात नीट चालत नाही. मी दोनदा बघितलं. मला काही कळलं नाही. बेनना कळतं.

एक फरक मात्र दोघींच्या नजरेतून सुटला नाही. स्वतःच्या पायावर उभं राहताना अरुंधती गायला लागते. अनुपमा नाचायला.

"मराठी बाई गाणारच," आत्या.

"अने गुजरातण नाचवानी ज," बेन.

वहिनींनी त्या दिवशी दोघींना गप्प केलं. त्या युनिव्हर्सिटीच्या संगीत विभागात शिकलेल्या. सयाजीरावांनी 1886 साली मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करवली, तिचीच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ही शाखा झाली. आणि महाराजांचं पहिलं लग्न तंजावरच्या राजघराण्यात झालं, तेव्हा तिकडचे नर्तक बडोद्यात आले आणि इथेच राहिले. म्हणजे भरतनाट्यम या गावात आलं ते मराठी सुनेबरोबर, तेही तंजावरहून. "गाणं कुणाचं, नाच कुणाचा, हे बडोद्यात बसून ठरवू नका," वहिनी म्हणाल्या.

(दृश्य: जुन्या न्यायमंदिराची इमारत, संध्याकाळ.)

घटस्फोटाच्या भागांच्या वेळी वाड्यात दोन तट पडले. ओट्यावर बसणाऱ्या एका आजी, वय नव्वदीपुढचं, रोज म्हणायच्या, या वयात कसला घटस्फोट. मग एक दिवस त्यांच्याच नातवानं त्यांना सांगितलं की बडोदे संस्थानानं 1931मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. देशाचा हिंदू विवाह कायदा आला 1955मध्ये. म्हणजे आजींच्या जन्माच्या आसपास या गावात अरुंधतीला कोर्टाची वाट मोकळी होती. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कायदा असेल. पण अप्पांचं काय?"

अप्पा म्हणजे अरुंधतीचे सासरे. किशोर महाबोले यांनी ते असे केले होते, की घटस्फोटात नवरा गेला याचं कुणाला काही वाटलं नाही. सासरे दुरावतील, ही काळजी.

जोड्यांचं काय? अनुपमा आणि अनुज, अरुंधती आणि आशुतोष. दोन्हीकडे कॉलेजातला मित्र, मनात ठेवून बसलेला, वर्षांनी परत आलेला. गौरव खन्नाच्या अनुजवर बेनच्या दोन्ही सुना जीव टाकायच्या. मोबाईलवर त्या जोडीला सगळे 'मान' म्हणतात, अनुपमाचं 'मा' आणि अनुजचं 'न'... की असंच काहीतरी. आमच्याकडे ओंकार गोवर्धनचा आशुतोष शांत, जरा हळू. आत्याला तो आवडला, कारण तो अरुंधतीच्या आधी ताटावर बसत नसे. असल्या गोष्टी तिच्या लक्षात राहतात. 2024मध्ये लिहिणाऱ्यांनी आशुतोषला अपघातात मारलं. आत्यानं त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि कुकरही लावला नाही. "एवढं सगळं करून शेवटी एकटीच ठेवायची होती, तर लग्न कशाला लावलंत?" हा प्रश्न तिनं जिन्यात उभं राहून विचारला. उत्तर द्यायला तिथे फक्त बेन होत्या. त्याच वर्षी मालिका आधी दुपारी गेली आणि नोव्हेंबरात संपली.

(दृश्य: टीव्हीचा रिमोट. मागे चहाचा आवाज.)

आता एक गोष्ट सांगतो, जी आत्याला मी सांगितली नव्हती, इथे पहिल्यांदा सांगतोय. मालिका चालली की पडली, हे बार्कच्या, म्हणजे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या आकड्यांवर ठरतं. दर आठवड्याला टीआरपीची यादी निघते. मराठी मालिकांची जी यादी सगळे बघतात, ती महाराष्ट्र आणि गोवा या बाजाराची असते. बडोद्यात कुणी काय बघितलं, त्याचा त्या यादीशी संबंध नाही. 2019मध्ये ट्राय या सरकारी नियामकाचे नवे नियम आले, ज्याला जी वाहिनी हवी तिचेच पैसे भरा. आत्यानं केबलवाल्याला मराठी वाहिन्यांची यादी स्वतः लिहून दिली होती. पैसे भरते, बघते, भांडते. मोजली जात नाही. सीतेला दिलेलं मत मोजलं होतं.

आणि पडद्यावरही आम्ही नाहीच. कोल्हापूर आहे, 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या राणादानं ते घराघरांत नेलं. नागपूर आहे, 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका वऱ्हाडीत भांडायची. हिंदीत अहमदाबाद आहे. बडोद्याचं मराठी घर मात्र ना इथे ना तिथे.

म्हणून मी परातीपाशी बसून एक खेळ सुचवला. समजा बडोद्याच्या मराठी घरावर मालिका आली. नायिका कोण?

अर्धा तास पापडी तशीच राहिली. 

मधुराणी प्रभुलकर? नको, तिला सगळे अरुंधती म्हणतील. जुई गडकरी? 'ठरलं तर मग'मधून ती मोकळी कधी होणार? नायक अमित भानुशाली, यावर बेन एकदम खूष, आडनाव ऐकूनच. वहिनींची कॉलेजातली मुलगी आतापर्यंत मोबाईलमध्ये होती. ती म्हणाली, "नायिका सावळी घ्या. आणि खरी सावळी." ती 'रंग माझा वेगळा'बद्दल बोलत होती. त्यात काळ्या रंगावरून छळल्या जाणाऱ्या दीपाचं काम रेश्मा शिंदेनं केलं, चेहऱ्याला गडद मेकअप लावून. "सावळ्या मुलीची गोष्ट, आणि सावळी मुलगीच नाही," एवढं बोलून ती परत मोबाईलमध्ये गेली. ओट्यावर त्यानंतर थोडा वेळ नुसता शेंगा मोडल्याचा आवाज.

आजीच्या कामाला मात्र एका फटक्यात नाव निघालं. रोहिणी हट्टंगडी. 'ठरलं तर मग'मधल्या पूर्णा आजी, ज्योती चांदेकर, 2025च्या ऑगस्टमध्ये गेल्या. ती जागा पुढे रोहिणीताईंनी घेतली. आश्चर्य म्हणजे आत्या त्या वेळी स्वयंपाकघरात गेली नाही. 'चार दिवस सासूचे'पासून ती त्यांना ओळखते. ओळखीची बाई दुसऱ्याच्या घरी मदतीला आली, इतकंच तिला वाटलं.

"पण नायिका?" मी परत विचारलं.

आत्यानं परात मांडीवरून उतरवली. आमच्या घरात खिडकीला 'बारी' म्हणतात आणि ओट्याला 'ओटला'. भाजी 'शाक' होते, पण आमटीची 'दाळ' होत नाही. हे कुठे थांबायचं, ते कुणी शिकवलेलं नाही.

"मुंबईची मुलगी 'बारी लाव' म्हणेल का?" आत्या म्हणाली. "म्हणेल. पण मागे वळून बघेल, बरोबर म्हटलं का म्हणून."

(दृश्य: रात्र. जिना. डावीकडचं दार बंद, उजवीकडच्या दाराखालून टीव्हीचा निळा उजेड.)

दहाला दोन मिनिटं कमी आहेत. भिंतीवर पलीकडून दोन टकटक होतात. बेन.

आत्या चष्मा शोधते, पायात चपला सरकवते आणि मला म्हणते, "बारी लाव रे. थंडी येते." आणि जिना ओलांडून अनुपमाकडे जाते.