फुटकी घागर आणि विरजण

मंडळी, आजची कादंबरी १८६१ सालची, इंग्लंडातली. जॉर्ज एलियट या नावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्स यांची ‘सायलस मार्नर’.

सायलस विणकर. तरुणपणी जिवलग मित्रानेच त्याच्यावर चोरीचा आळ आणला. पंथाच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकून निवाडा केला आणि चिठ्ठी त्याच्यावर उलटली. ठरलेलं लग्न मोडलं. तो उठला आणि रॅव्हलो नावाच्या परक्या खेड्याबाहेर, दगडाच्या खाणीजवळ येऊन राहिला. पंधरा वर्षं दिवसा माग, रात्री सोन्याची नाणी मोजायची.

या पंधरा वर्षांतली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. पाणी आणायची त्याची मातीची घागर. बारा वर्षं हाताळून तिचा कान त्याच्या तळव्याच्या सवयीचा झालेला. एक दिवस तो ठेचकाळतो, घागर फुटते. सायलस तुकडे घरी आणतो, जुळवतो आणि नेहमीच्या जागेवर टेकवून ठेवतो. आता तिच्यात पाणी काही राहणार नाही. पण माणूस संपलेला नाही, हे लेखिका आपल्याला तिथेच दाखवते.

पुढे सोनं चोरीला जातं, आणि काही आठवड्यांनी, आई गमावलेली एक लहान पोर बर्फातून दुडदुडत येऊन त्याच्या चुलीपाशी झोपते. अधू नजरेला तिचे पिवळे केस म्हणजे परत आलेलं सोनंच वाटतं. पोरीने त्याला माणसांत आणलं, असं या कादंबरीबद्दल नेहमी सांगतात. मला ते अर्धंच पटतं. तो माणसांत आला चोरीच्या रात्री. भर पावसात धावत तो गुत्त्यात शिरतो. तिथे भुताखेतांच्या गप्पा चाललेल्या, त्यामुळे लोकांना आधी तो भूतच वाटतो. समोर बसलेल्या जेम रॉडनीवर तो चोरीचा संशय घेतो. कुणीतरी म्हणतं, निरपराधावर आळ घेऊ नका. ते ऐकून त्याला स्वतःवरचा जुना आळ आठवतो. तो जेमजवळ जातो आणि चुकलो म्हणतो. पंधरा वर्षांत कुणापाशी काही मागितलं नव्हतं; त्या रात्री मदतही मागितली आणि माफीही.

त्यानंतरही तो जपूनच पाऊल टाकतो. शेजारची डॉली पोरीला न्हाऊमाखू घालायला येते, तेव्हा तो म्हणतो, मला शिकवा, मीच करीन. नाहीतर ती दुसऱ्याचाच लळा लावून घेईल. या भीतीत मला त्याचा सगळा भूतकाळ दिसतो.

बऱ्याच वर्षांनी तो आपल्या जुन्या गावी जातो, तर त्या पंथाच्या प्रार्थनाघराच्या जागी कारखाना. खान्देश मिलच्या जागेवर मॉल उभा राहिलेला आपण जळगावकरांनी पाहिलाय, म्हणून त्या पानाशी मी दर वेळी थांबतो.

आमच्या गल्लीत, बायको गेल्यावर दार लावून बसलेले एक आप्पा होते. धाब्याचं घर, ओट्यावर कुणी नाही. माझी जिजी रोज झाकलेली वाटी त्यांच्या ओट्यावर ठेवून यायची. कधी वांग्याचं भरीत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि खापरावरची पोळी. संध्याकाळी वाटी धुऊन तिथेच पालथी घातलेली असायची. बोलणं नाही. मला राग यायचा. जिजी म्हणायची, वाटी धुतात ना, मग राहू दे.

दोन पावसाळे गेले. एका सकाळी आप्पा स्वतः आमच्या दारात. हातात रिकामी वाटी, नजर उंबरठ्यावर.

“जिजी, जराखं विरजन शे का?”

जिजीने काही विचारलं नाही. दह्याच्या गाडग्यातून चमचाभर विरजण काढून तिने वाटीत घातलं. आणि दूध कोमट असतानाच लावा, एवढं सांगितलं.