खाडीकाठचं बिल्बाओ : एक दिवस, पायी

(दृश्य : ओली फरसबंदी, मंडईच्या रंगीत काचा, राखाडी आभाळ)

उत्तर स्पेनमधलं, बास्क लोकांच्या प्रदेशातलं बिल्बाओ शहर. सकाळचे साडेआठ. पाऊस पडतोय म्हणवत नाही आणि नाही असंही म्हणवत नाही. छत्री उघडायला लाज वाटते, पण न उघडली तर दहा मिनिटांत खांदे ओले. या पावसाला इथे सिरिमिरी म्हणतात, काही जण चिरिमिरीही म्हणतात. आपली चिरीमिरी वेगळ्या कामाची, पण स्वभाव तोच. थोडी थोडी, आणि सतत.

समोर दिसतेय ती नेर्विओन. नकाशात नदी, पण बिल्बाओचे लोक तिला 'रिआ' म्हणतात. कोकणातल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागणार नाही. भरतीला पाणी वर चढतं, ओहोटीला काठचा चिखल उघडा पडतो. म्हणजे खाडी! आज तिचाच काठ धरून समुद्राकडे जायचंय.

ही ला रिबेरा मंडई. इमारत 1929 ची, खाडीला अगदी खेटून. मासळीच्या ओट्यांवर बिस्केच्या उपसागरातला ताजा माल, आणि बाजूला फळकुटासारखा कडक, मीठ लावून वाळवलेला बाकालाओ, म्हणजे कॉड. हा मासा इथल्या पाण्यातला नाही. त्याच्यासाठी बास्क खलाशी शेकडो वर्षांपूर्वी अटलांटिक ओलांडून पार न्यूफाउंडलंडपर्यंत जात होते.

मंडईमागे जुनं शहर. सन 1300 मध्ये दिएगो लोपेस दे आरो या सरदाराने बिल्बाओला शहराची सनद दिली. पुढे इथे सात समांतर गल्ल्या झाल्या. त्यांचं बास्क नाव 'सास्पी कालेआक'. सास्पी म्हणजे सात. बास्क भाषेचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. दुकानाच्या पाटीवर एक ओळ स्पॅनिश, एक बास्क. स्पॅनिश ओळीतला एखादा शब्द अंदाजाने लागतो, बास्क ओळ मात्र दार लावून बसलेली.

(दृश्य : भिंतीवरची खूण, कॅमेरा हळूहळू वर)

ही खूण बघा. माझा हात तिथवर पोचत नाही. 26 ऑगस्ट 1983 ला, ऐन जत्रेच्या आठवड्यात, खाडी या गल्ल्यांत शिरली. तळमजले, दुकानं, गोदामं, सगळं पाण्याखाली. तेव्हाचं पाणी आजच्यासारखं नव्हतं. वरच्या डोंगरांतलं लोखंड, काठावरचे पोलाद कारखाने, जहाजबांधणी, घराघरांतलं सांडपाणी, सगळ्यांची मोरी एकच होती.

दुपारी प्लासा नुएवा. चौफेर कमानींचा चौक आणि कमानींखाली बारच बार. इथे एका जागी बसून जेवायचं नसतं. एका बारमध्ये एक पिंचो, म्हणजे घासभर खाणं, सोबत छोटासा ग्लास, की पुढचा बार. आम्ही खिल्दाने सुरुवात केली. काडीवर ऑलिव्ह, खारवलेली अँचोव्ही आणि इबार्रा गावची लोणच्यातली हिरवी मिरची. खारट, आंबट, किंचित तिखट. आपल्या जिभेला ओळख पटायला वेळ लागत नाही. शाकाहारी मंडळींनी बटाट्याचं जाड ऑम्लेट मागावं. अंडंही चालत नसेल, तर तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि पाव.

पुन्हा काठावर. हा पांढरा पूल सुबिसुरी, वास्तुविशारद कालात्रावाचा, 1997 चा. जमीन काचेची आणि शहर सिरिमिरीचं! लोक इतके घसरले की शेवटी वर पट्टा अंथरावा लागला.

आणि वळणावर ते आलंच. गुगेनहाइम, आधुनिक कलेचं संग्रहालय. वास्तुविशारद फ्रँक गेरी, ऑक्टोबर 1997. टायटॅनियमचे पातळ पत्रे ढगाळ उजेडात कधी रुपेरी, कधी पिवळसर दिसतात. दाराशी फुलांनी मढलेलं बारा मीटर उंचीचं कुत्रं. सुंदर आहे, वाद नाही. पण एका संग्रहालयाने मरणारं शहर वाचवलं, ही गोष्ट जरा जास्तच गुळगुळीत झालीय. खाडी साफ करण्याची योजना 1979 ची, म्हणजे संग्रहालयाच्या कितीतरी आधीची. तिला खर्चही संग्रहालयाच्या कितीतरी पट आला. मैलोन्‌मैल गटारवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्र. त्यांच्यासमोर उभं राहून सेल्फी कोण काढणार?

थोडं पुढे ही लाल क्रेन. नाव कारोला. इथे एउस्काल्दुना जहाज कारखाना होता. 1984 मध्ये तो वाचवण्यासाठी कामगार आणि पोलिसांत तुंबळ झटापटी झाल्या. तरी तो बंद पडलाच. क्रेनच्या नावाची कथा गोड आहे. कारोला नावाची एक देखणी बाई कामाला जाताना रोज इथून खाडी ओलांडायची, आणि तिला बघायला कामगार हातातलं काम सोडायचे. वाट बदलण्यासाठी कारखान्याने तिला पैसे देऊ केले म्हणे. खरं-खोटं खाडीला ठाऊक.

इथे आमच्या पायांनीही संप पुकारला. मेट्रोने खाडीच्या मुखाजवळच्या आरेएताला. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरची मेट्रो, 1995 ची. तिच्या स्थानकांच्या काचेच्या कमानीदार दारांना लोक लाडाने 'फोस्तेरितो' म्हणतात.

(दृश्य : संध्याकाळ, खाडीचं मुख, लोखंडी मनोरे)

आणि हा बिस्काया पूल. अल्बेर्तो पालासिओ यांनी 1893 मध्ये बांधला. पेच असा होता की काठ सखल, आणि खालून उंच डोलकाठ्यांची जहाजं जायची. उंच पूल बांधावा तर दोन्हीकडे लांबच लांब चढ हवेत, आणि त्याला काठावर जागा नाही. मग त्यांनी 45 मीटर उंचीवर, खाडीच्या आरपार, 160 मीटरची तुळई टाकली आणि रस्त्याचा एक तुकडाच तारांनी खाली टांगला. तो तुकडा माणसं आणि गाड्या घेऊन या काठावरून त्या काठावर जातो. अशा प्रकारचा जगातला हा पहिला पूल. 1937 मध्ये, यादवी युद्धात, माघार घेणाऱ्या सैन्याने सुरुंग लावून तुळई पाण्यात पाडली. 1941 मध्ये पूल पुन्हा सुरू झाला. 2006 पासून तो जागतिक वारसा आहे.

फाटक बंद. एक हलका हिसका, आणि पाण्याला न शिवता आपण निघालो. शेजारी भाजीची पिशवी घेतलेल्या आजी. त्यांनी फोनमधून मान वर केली ती पलीकडचं फाटक उघडल्यावरच. दीड-दोन मिनिटांचा प्रवास.

आजी उतरून घराकडे गेल्या. आम्हीही उतरलो, पुन्हा तिकीट काढलं, आणि त्याच टांगत्या रस्त्यावरून परत आलो.