खापर परत मिळतं, साचा मिळत नाही

मंडळी, माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ज्यांच्यावाचून कुणाचंही अडत नाही, अशा हौसेच्या वस्तूंबद्दल आज बोलू. चित्र कोरलेली खापरं, चिलखतावर नक्षी उमटवणारे साचे, बकऱ्याचं शिंग. वस्तू छोट्या, पण नियम नीट ठाऊक नसले की याच सगळ्यात आधी वाया जातात. खापरं आणि नक्षीचे साचे २०२३ च्या १.२० आवृत्तीत आले.

खापरासाठी आधी ब्रश हवा. क्राफ्टिंगच्या, म्हणजे वस्तू बनवण्याच्या, चौकटीत वर पीस, मध्ये कॉपर इंगट (तांब्याची लगड), खाली काठी, असं उभं मांडा. वाळवंटातल्या पिरॅमिडच्या तळाशी बाजूला एक बुजलेली खोली असते, तिथल्या वाळूत काही ब्लॉक किंचित खडबडीत दिसतात. ते सस्पिशस सँड, म्हणजे आत वस्तू दडलेली वाळू. ब्रशचं बटण दाबून धरा. साधारण पाच सेकंदांत वस्तू हळूहळू वर येते. मध्येच सोडलंत तर ती पुन्हा आत जाऊ लागते. फावडं मारलंत तर ब्लॉकही गेला आणि आतली वस्तूही. सिल्क टच, म्हणजे ब्लॉक जसाच्या तसा काढून देणारी हत्यारावरची जादू, तीही इथे वाचवत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र खालचा ब्लॉक काढल्याने होतं. वरचा सस्पिशस ब्लॉक साध्या वाळूसारखाच खाली पडतो, आणि पडला की फुटतो, हाती काहीच लागत नाही. म्हणून ट्रेल रुइन्समध्ये, म्हणजे जमिनीत गाडलेल्या जुन्या अवशेषांत, जिथे सस्पिशस ग्रॅव्हल (तशीच खडी) असते, नेहमी वरून खाली, थराथराने उतरा. बाजूने बोगदा खणत आत शिरू नका. साध्या ग्रॅव्हलपासून ही ओळखणं वाळूपेक्षा अवघड आहे, त्यामुळे ग्रॅव्हलचा प्रत्येक ब्लॉक काढण्याआधी निरखून बघा.

मिळालेल्या खापरांचं मडकं करायला चार तुकडे लागतात, क्राफ्टिंगच्या चौकटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. खापर कमी पडलं तर तिथे साधी वीट चालते, ती बाजू कोरी राहते. मडकं हाताने काढलंत तर अख्खं मिळतं. तलवारीने किंवा कुऱ्हाडीने फोडलंत तर चारही तुकडे सुटे होऊन परत येतात. सिल्क टचचं हत्यार असेल तर मात्र ते फुटत नाही. थोडक्यात, खापरांची मांडणी शंभरदा बदला, काही खर्च होत नाही. फक्त खापराची नक्कल करता येत नाही. दुसरं हवं तर पुन्हा ब्रश घेऊन बसावं लागतं.

साच्याचं नेमकं उलटं आहे. स्मिथिंग टेबलवर, म्हणजे लोहारकामाच्या टेबलावर, चिलखतावर नक्षी उमटवली की साचा संपतो. नंतर दुसरी नक्षी चढवलीत तरी पहिला परत येत नाही. पण त्याची नक्कल करता येते. वरच्या ओळीत मधोमध साचा, त्याच्याखाली त्या साच्यासाठी ठरलेला ब्लॉक आणि उरलेल्या सात घरांत सात डायमंड. बदल्यात दोन साचे मिळतात. वेफाइंडर, रेझर, शेपर, होस्ट हे चार साचे ट्रेल रुइन्सचे, त्यांना टेराकोटा लागतो. आता हिशेब करा. चिलखताचे चार भाग, हाती एक साचा. तीनदा नक्कल, म्हणजे २१ डायमंड. पण मग चारही खर्च होतात आणि मूळ साचाही जातो. एक साचा पेटीत (चेस्टमध्ये) राखायचा तर चौथी नक्कल करावी लागते, एकूण २८ डायमंड. हे सात जास्तीचे डायमंड जरूर घाला, कारण साचा पुन्हा शोधायला लागणारा वेळ त्याहून महाग आहे. नक्षीने संरक्षण तसूभरही वाढत नाही, हे ध्यानात ठेवूनच हिरे काढा.

शिंगाचं थोडक्यात सांगतो. बकरा ओंडक्यावर, दगडावर, पॅक्ड आइसवर (घट्ट बर्फावर) किंवा लोखंड, तांबं, कोळसा, पाचू यांच्या खनिजावर धडकला तरच शिंग गळतं. एका बकऱ्याकडून जास्तीत जास्त दोन. ओंडका पाठीशी ठेवून उभे राहा, तो धावत सुटला की बाजूला सरका. गवत, माती, फळ्या यांवर धडकून काही मिळत नाही. शिंग फुंकल्यावर निघणारे आवाज आठ प्रकारचे, त्यांतले चार फक्त किंचाळणाऱ्या बकऱ्यांकडून येतात, आणि असे बकरे शंभरात दोन. ते धडकतात मात्र फार लवकर लवकर, म्हणून असा एक सापडला की आधी त्याला कुंपणात घ्या आणि मगच ओंडका रोवा.