हिरवं की लाल, त्याआधीचं बोलू

मंडळी, नमस्कार. पुढच्या रांगांत ज्यांना ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्रं काढणारं कार्ड, हवंय ती मुलं बसलीयत आणि मागे त्यांचे आई-बाबा, हे मला फार आवडलं. हा निर्णय घरात सगळ्यांनी मिळून घ्यायचा आहे. तीस-चाळीस हजार रुपये ही आपल्या घरांत लहान रक्कम नाही.

आपल्या इंदूरमध्ये रामबाग असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, कॉम्प्युटर अपग्रेडचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: कार्ड कुठल्या कंपनीचं, एन्व्हिडिया की एएमडी? म्हणजे हिरवं की लाल? माझं म्हणणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याच्या आधीचे प्रश्न घरी, आपल्या टेबलापाशी बसून सोडवायचे. ते न सोडवता बाजारात गेलं की दुकानात जे शिल्लक असेल ते आपल्या गळ्यात पडतं.

या दोन रंगांमागची भावना मी समजू शकतो. १९९९ साली एन्व्हिडियानं जीफोर्स २५६ आणलं आणि कार्डावरच्या चित्रं काढणाऱ्या चिपसाठी 'जीपीयू' हे नाव रूढ केलं. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या एटीआयनं रेडिऑन आणलं आणि २००६ मध्ये एएमडीनं एटीआयच विकत घेतली. ही चुरस नसती तर आज पडद्यावर जे दिसतं त्यातलं निम्मंही दिसलं नसतं. २०२२ पासून इंटेलही आर्क कार्डं घेऊन उतरलीय. पण एन्व्हिडियाच्या आजच्या आरटीएक्स ५० मालिकेची चिप, एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ९००० ची चिप आणि इंटेलच्या आर्क बी५८० ची चिप, तिन्ही तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यांतून निघतात. खोक्यावर नाव असतं ते बहुधा असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशा बोर्ड बनवणाऱ्यांचं. मित्राशी अबोला धरावा असं यात काही नाही.

तर आधी पडदा. तुमचा मॉनिटर किती ठिपक्यांचा आहे? फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८०, हे झाले सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. १४४० चा मॉनिटर घेतला तर ३६ लाख ८६ हजार. फोर-के म्हणजे ८२ लाख ९४ हजार, फुल एचडीच्या बरोबर चौपट. कार्डाला हे सगळे ठिपके दर फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी, नव्यानं रंगवायचे असतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर सातसुद्धा नाहीत. आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर कार्डानं सेकंदाला १४० फ्रेम काढले तरी पडदा चित्रं साठच दाखवणार. घरी दहा वर्षांचा जुना मॉनिटर असेल तर मी सरळ सांगतो, कार्ड एक पायरी खालचं घ्या आणि उरलेले पैसे मॉनिटरवर घाला. फ्रीसिंकचा, म्हणजे आपला वेग कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणारा, मॉनिटर एन्व्हिडियाला चालत नाही असं अजून काही जण सांगतात. जानेवारी २०१९ पासून एन्व्हिडियानं ती दारं उघडलीयत.

मग प्रोसेसर. याची तपासणी फुकट आहे, आज रात्रीच करा. नेहमीचा गेम चालू करा, एका जागी उभे राहा, फ्रेम किती येतात ते बघा. आता रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. फ्रेम जिथल्या तिथे राहिले तर काम प्रोसेसरपाशी अडलंय, आणि कोणत्याही कंपनीचं महागडं कार्ड लावलंत तरी फरक पडणार नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार वेळा होतं.

आता मेमरी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. कार्डावरची मेमरी, जिला व्हीरॅम म्हणतात, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी समजा. लागणारं सामान ओट्यावर मावलं तर हात चालत राहतो, नाही मावलं तर प्रत्येक वस्तूसाठी माळ्यावर चढावं लागतं. हा माळा म्हणजे मदरबोर्डावरची रॅम. आरटीएक्स ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ गिगाबाइट देते. कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या रस्त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. तेच सामान त्याच्या जुन्या, ३.० पिढीच्या मदरबोर्डावरून, आठ लेनमधून आणायचं तर वेग सेकंदाला जेमतेम ८ गिगाबाइट. म्हणजे पन्नासपट उतार.

पडद्यावर हे कसं दिसतं? सरासरी फ्रेम छान ७० दाखवत असतात. पण वळणावर गाडी घेतलीत, नवा रस्ता समोर आला, की चित्र क्षणभर थबकतं. एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंद घेते. सरासरीत ती बुडून जाते, हाताला मात्र लागते. म्हणून चाचणीचे आकडे वाचताना सरासरीपाशी थांबू नका, शेजारी 'एक टक्का लो', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा, आकडा असतो तो बघा. आठ जीबीच्या कार्डाचं दुखणं तिथे उघडं पडतं. काही गेम थबकत नाहीत, ते मुकाट्यानं भिंतींचं नि दगडांचं टेक्स्चर हलक्या प्रतीचं करून टाकतात. फ्रेमचा आकडा उत्तम, आणि समोरची भिंत चिखल फासल्यासारखी.

आणि नावांचा घोळ बघा. ५०६० टीआय आठ जीबीतही मिळतं, सोळातही. आरएक्स ९०६० एक्सटीसुद्धा आठ आणि सोळा, दोन्हींत. खोकं सारखं, नाव सारखं, फरक एका छोट्या आकड्याचा. २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा अमेरिकेतल्या जाहीर किमतींत दोन्ही कंपन्यांच्या या जोड्यांमध्ये अंतर होतं फक्त ५० डॉलरचं: एन्व्हिडियाचं ३७९ आणि ४२९, एएमडीचं २९९ आणि ३४९. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बाकी खर्च चढतो, पण अंतराचा अंदाज येतो. एवढ्या फरकासाठी निम्मी मेमरी घेणं मला पटत नाही. चार-पाच वर्षं कार्ड वापरायचं असेल तर अजिबात नाही. फुल एचडीवर फक्त स्पर्धेचे हलके गेम खेळणाऱ्याला आठ पुरतील, हे मान्य. पण मुलगा दहावीत आहे, इंजिनिअरिंग होईपर्यंत हेच कार्ड चालवायचंय, असं असेल तर सोळाच घ्या.

इथे दोन कंपन्यांमधला एक खरा फरकही येतो. ५०६० टीआय आठ लेनवर चालतं, ९०६० एक्सटी पूर्ण सोळा. नव्या मदरबोर्डावर हे जाणवणार नाही. पण घरात एएमडी प्रोसेसरचा बी४५० किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचा बोर्ड असेल तर ते ३.० वरच चालतात. अशा घरी माझं झुकतं माप एएमडीच्या सोळा जीबीला. इंटेलचं बी५८०, १२ जीबीचं, किमतीच्या मानानं चांगलं कार्ड आहे, पण त्याला मदरबोर्डाच्या बायोस सेटिंगमध्ये 'रिसायझेबल बार', म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू लागते आणि जुन्या प्रोसेसरवर ते मागे पडतं. जुन्या कॉम्प्युटरच्या अपग्रेडसाठी ते मी सुचवत नाही.

आता हे बघा. माझ्या हातातला हा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत आलेला आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय ४५० वॅट. पण बाजूचा स्टिकर वाचू. १२ व्होल्टच्या रकान्यात आहे १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच रकान्यावर जगतात. सोळा जीबीचं ९०६० एक्सटी १६० वॅट घेतं, ५०६० टीआय १८०, बी५८० घेतं १९०. प्रोसेसरचे साठ-नव्वद वेगळे, आणि क्षणिक उसळ्या त्याहून वर. हा डबा ते पेलणार नाही. गेम ऐन रंगात आला की कॉम्प्युटर बंद पडेल आणि दोष नव्या कार्डाच्या माथी बसेल. कार्डाचा आठ पिनी जोड नाही म्हणून हार्ड डिस्कच्या वायरीतून कन्व्हर्टर लावून देणारेही भेटतात. तसं करू देऊ नका, तिथेच वायरी तापतात. पैसे हाताशी कमी असतील तर कार्ड दोन महिने पुढे ढकला, पण एसएमपीएस चांगला घ्या, वीज कमी वाया घालवण्याचं '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला, ५५० वॅटच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कॅबिनेटला पुढून हवा मिळते का, तेही बघा. तीन पंख्यांचं कार्ड मात्र या वर्गात लागत नाही, दोन पुरतात. लांबी मिलिमीटरमध्ये मोजून घ्या.

आता जाहिरातीतल्या आकड्यांविषयी. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० हे मागच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० इतकी कामगिरी देईल. एकाची मेमरी १२ जीबी, दुसऱ्याची २४. ती तुलना उभी होती मल्टी फ्रेम जनरेशनवर: कार्ड एक फ्रेम खरी काढायचं आणि मध्ये तीनपर्यंत फ्रेम अंदाजानं भरायचं. हे तंत्र मला मनापासून आवडतं. १४४ हर्ट्झवर, खऱ्या साठ-सत्तर फ्रेम येत असताना, ते डोळ्यांना फार सुखावतं. पण माउस हलवल्यावर गेम उत्तर देतो ते खऱ्या फ्रेमवरच. मुळात तीस येत असतील तर दिसतील एकशे वीसपर्यंत आणि हाताला लागतील तीस, किंबहुना थोडं जडच. वर त्याला स्वतःची मेमरी लागते, म्हणजे आठ जीबीवाल्याची पुन्हा अडचण.

अपस्केलिंग याहून वेगळं. कमी ठिपक्यांत चित्र काढून ते मोठं करायचं. यात एन्व्हिडियाचं डीएलएसएस पुढे आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. जास्त गेममध्ये ते मिळतं, आणि २०२५ चं सुधारलेलं मॉडेल त्यांनी २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपर्यंत मागे नेलं, ही त्यांची मोठी गोष्ट. एएमडीचं एफएसआर ४ चांगलं झालंय, अंतर बरंच मिटलंय, पण ते आलं ९००० मालिकेच्या कार्डांसाठी. म्हणून आज एएमडी घ्यायचं तर ९००० मालिकेतलंच घ्या. स्वस्त मिळतंय म्हणून मागच्या पिढीचं घेतलंत तर या सुधारणेला मुकाल.

रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं, हौसेपुरतं आहे, असं मीही बरीच वर्षं सांगत होतो आणि तेव्हा ते खरं होतं. आता २०२४ चा इंडियाना जोन्स आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर चालतच नाहीत. शिवाय २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मिळणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलं. ज्यांच्या घरी १०६० आहे त्यांनी त्याला निरोप द्यायची वेळ आलीय. फार इमानदारीनं चाललं ते कार्ड.

मागे काकूंनी हात वर केलाय. जुनं कार्ड घ्यावं का, असं विचारतायत. काकू, घेता येतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर गणितं सोडवून ते कमावणं, म्हणजे खाणकाम, थांबलं आणि त्यात वापरलेली कार्डं बाजारात लोटली. खाणकामातलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पंखे झिजलेले असतात. सिल्व्हर मॉलमध्ये असो की कुणाच्या घरी, समोर अर्धा तास भारी गेम चालवून दाखवायला सांगा. पडद्यावर ठिपके, पट्टे येतात का बघा, पंख्याचा आवाज ऐका. मूळ बिल आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळला पाहिजे. "भिया, बिल का क्या करोगे" असं कुणी म्हणालं की तिथून उठा. नव्या कार्डालाही हेच लागू. दोन हजार वाचतात म्हणून बिलावाचून घेतलेल्या कार्डाची वॉरंटी मागायला कुठे जाणार?

आणि तू, तिकडे, कॉलेजचं विचारतोयस. थ्री-डी चित्रांचं ब्लेंडर, मशीन लर्निंग, व्हिडिओ एडिटिंग हे अभ्यासाचाच भाग असेल तर मी तुझ्यासाठी हिरव्याच बाजूला जाईन. कार्डावर अशी कामं चालवणाऱ्या एन्व्हिडियाच्या कूडा या प्रणालीवर जवळजवळ वीस वर्षांचं काम उभं आहे, बहुतेक शिकवण्या आणि लायब्ररी तेच धरून लिहिलेल्या असतात. वर्षभर जुळवाजुळव करण्यात तुझा वेळ जाऊ नये. लिनक्सवर गेम खेळणाऱ्याला याच्या उलट सांगेन, तिथे एएमडीचा खुला ड्रायव्हर बिनत्रासाचा.

जाता जाता लावण्याविषयी. जुन्या कंपनीचा ड्रायव्हर आधी पूर्ण काढा, मग नवं कार्ड बसवा. कार्ड खाचेत 'टक' वाजेपर्यंत दाबा, मागचे स्क्रू आवळा, पॉवरचा जोड शेवटपर्यंत आत गेलाय ना ते बोटानं चाचपा. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० हर्ट्झच्या जागी १४४ निवडा, पुष्कळदा ते आपोआप होत नाही.