लाईट गेली तरी नोंद राहिली पाहिजे

[दृश्य: पॅकहाऊस. पट्ट्यावरून सरकणाऱ्या हापूसच्या पेट्या.]

रत्नागिरी, एप्रिल. स्कॅनर वाजला की पेटीची बाग, तोडणीची तारीख, प्रत आणि वजन सर्व्हरवर जातं. अशा नोंदींसाठी कंपन्यांपुढे मुक्त स्रोत डेटाबेस मुख्यतः तीन: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि त्याच्यातून २००९ साली फुटलेला मारियाडीबी. मायएसक्यूएल येणारी माणसं सहज मिळतात, हे खरं. तरी इथे कौल पोस्टग्रेसला.

[दृश्य: अंधार. पट्टा थांबतो.]

लाईट गेली. स्क्रीनवर ‘सेव्ह’ दिसलेली नोंद आता डिस्कवर असायलाच हवी. मूळ सेटिंगवर तिघंही इथे टिकतात. घोळ होतो वेगासाठी केलेल्या छेडछाडीने. मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट’ १ वरून २ केलं, की लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, साधारण सेकंदाला एकदाच डिस्कवर उतरतो. तेवढ्यातल्या पेट्यांच्या नोंदी गेल्या. पोस्टग्रेसमध्ये ‘एफसिंक’ (लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवून घेणारं सेटिंग) बंद केलं तर अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. त्याला हात लावूच नये.

[दृश्य: प्रोग्रामरची स्क्रीन, अगदी जवळून.]

पोस्टग्रेसचं खरं मोल इथे दिसतं. ऐन हंगामात तक्त्याला नवा रकाना जोडायचाय. ‘बिगिन’, म्हणजे इथून पुढचे बदल एक गठ्ठा. ‘ऑल्टर टेबल’, म्हणजे तक्त्याची रचना बदल. मग जुन्या नोंदी भरायच्या, आणि तिथेच चूक. ‘रोलबॅक’, म्हणजे सगळा गठ्ठा मागे. रकाना गेला, तक्ता होता तसा. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत ‘ऑल्टर’ झाला की कमिट, म्हणजे कायमचा पक्का, झालाच; मागे फिरायचं तर सगळं हाताने. पथ्य एकच: पोस्टग्रेसमध्येही कमिट होईपर्यंत तक्ता कुलूपबंद असतो आणि स्कॅनर अडतात, म्हणून हे काम पट्टा बंद असताना करावं.

[दृश्य: शीतगृह. वाफाळती दारं.]

देखभाल मात्र हवी. अपडेट केलेली जुनी ओळ पोस्टग्रेसच्या तक्त्यातच पडून राहते. ऑटोव्हॅक्युम, म्हणजे आपोआप चालणारी सफाई, ती झाडतो, पण मूळ सेटिंगवर सुमारे २० टक्के ओळी मेल्यावर. साठ्याचा मोठा तक्ता तोवर फुगतो. त्याच्यापुरतं हे प्रमाण २ टक्क्यांवर आणावं.

[दृश्य: वाशिष्ठी नदीचं पात्र.]

२०२१च्या जुलैत हे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. बॅकअप सर्व्हरच्या खोलीत ठेवू नये. रोज रात्री बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत), आणि वॉल लॉगच्या (पोस्टग्रेसच्या बदलांच्या नोंदवहीच्या) फाइली तयार होतील तशा घाटावरच्या सर्व्हरवर. एक फाइल १६ एमबीची, मंद दिवशी भरायला वेळ लागतो. म्हणून ‘आर्काइव्ह टाइमआउट’ ६० सेकंद: भरली नसली तरी फाइल मिनिटाभरात रवाना.