सनदेनंतरची उमेदवारी

[दृश्य : तालुका न्यायालयाचे आवार. भिंतीवरच्या बोर्डापुढे उभे असलेले वकील.]

सकाळी साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातील कोणत्याही तालुका न्यायालयात गेले, तर बोर्डासमोर उभे राहून आपल्या सीनियरच्या प्रकरणांचे क्रमांक वहीत उतरवून घेणारे दोन-चार तरुण हमखास दिसतात. त्यांचा काळा कोट नवा असतो, गळ्यातले बँड अजून कडक असतात आणि काखेतल्या फायली मात्र दुसऱ्याच्या असतात. कोणते प्रकरण पुराव्यासाठी आहे, कोणते युक्तिवादासाठी आहे, कोणत्यात मुदतीचा अर्ज द्यावा लागेल आणि कोणत्या पक्षकाराला फोन करून एसटी स्टँडवरून थेट न्यायालयात यायला सांगायचे, हे सगळे पुकारा होण्याआधी ठरवायचे असते. या तरुणांनी कायद्याची पदवी घेतली आहे आणि बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवानाही, त्यांच्या हाती आहे. कायद्याने पाहिले तर ते उद्या सकाळी स्वतःचे कार्यालय उघडून बसू शकतात. तरीही त्यांतले शहाणे तरुण तसे करत नाहीत. पुढची तीन-चार वर्षे ते एखाद्या जाणत्या वकिलाकडे काम करतात.

या शिकाऊ उमेदवारीत त्यांना काय मिळते आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हा या माहितीपटाचा विषय आहे.

[दृश्य : नक्कल विभागाची खिडकी. अर्ज घेणारा कर्मचारी.]

महाविद्यालयात मुदतीचा कायदा शिकवला जातो. दिवाणी दाव्यातील हुकूमनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या निर्णयावर, जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस आणि उच्च न्यायालयात अपील करायला नव्वद दिवस मिळतात, हे कोणताही विद्यार्थी सांगू शकतो. निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यात जो वेळ जातो तो या मुदतीतून वगळतात, हेही त्याला पाठ असते. परंतु नकलेचा अर्ज देण्यात स्वतःच्या हयगयीने वीस दिवस घालवले, तर ते वीस दिवस कोणी भरून देत नाही आणि पक्षकाराला विलंब माफीच्या अर्जाने सुरुवात करावी लागते, ही गोष्ट अंगवळणी पडायला कोणीतरी पाठीशी असावे लागते. निकाल ऐकून न्यायकक्षाबाहेर पडताना मुरलेला वकील ज्युनियरला एवढेच सांगतो, की आधी नकलेचा अर्ज टाक आणि मग चहाला ये. या एका वाक्यात मुदतीच्या कायद्याचे एक अख्खे कलम व्यवहारात उतरलेले असते.

[दृश्य : संध्याकाळ. वकिलाचे कार्यालय. टेबलावर दाव्याचा मसुदा आणि लाल पेन.]

खरे शिक्षण बहुधा संध्याकाळी सातनंतर होते. ज्युनियरने शेतजमिनीच्या मनाई हुकुमाच्या दाव्याचा मसुदा लिहिलेला असतो. पक्षकारांची नावे, दाव्यास कारण कधी आणि कोठे घडले, मूल्यांकन, कोर्ट फी अशी सर्व कलमे त्यात ओळीने आलेली असतात. सीनियर वाचत जातात, दोन परिच्छेद सरळ काटतात आणि मिळकतीच्या वर्णनापाशी थांबतात.

“गट नंबर लिहिलास, क्षेत्र लिहिलेस. चतुःसीमा कुठे आहे?”

“सातबाऱ्यावर नव्हती, सर.”

“सातबाऱ्यावर ती नसतेच. ती पक्षकाराला विचारायची, खरेदीखतात बघायची आणि मोजणीच्या नकाशाशी ताडून घ्यायची. उद्या हुकूमनामा झाला, तर बेलिफ कोणत्या बांधावर जाऊन उभा राहणार आहे?”

स्थावर मिळकत ओळखता येईल असे तिचे वर्णन दाव्यात असले पाहिजे, हा दिवाणी प्रक्रिया संहितेतील नियम त्या तरुणीने परीक्षेसाठी वाचलेला असतो. पण तो नियम कोणासाठी आहे, हे न्यायालयाचा हुकूम बजावायला जाणाऱ्या बेलिफाविषयीचा प्रश्न ऐकल्यावर तिच्या लक्षात येते. अनेक वर्षे चालणाऱ्या दाव्यात पहिल्या दिवशीची अशी एक उणीव शेवटच्या दिवशी उभी राहते आणि तिची किंमत पक्षकार मोजतो. मार्गदर्शकाचा सर्वांत मोठा फायदा आमच्या मते हाच आहे. आत्मविश्वास, ओळखी, व्यक्तिमत्त्वाचा विकास वगैरे गोष्टींची चर्चा पुष्कळ होते आणि त्या खोट्याही नाहीत, पण नवख्या माणसाची चूक दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊन पडण्याआधी कागदावरच पकडली जाणे, हे त्या सर्वांच्या आधी येते. शिकणाऱ्यालाही त्यामुळे चुकण्याची मुभा मिळते, कारण चूक झाली तरी ती लाल पेनाच्या पुढे जात नाही.

हेच उलटतपासणीचे आहे. साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारावेत हे टिपणात लिहून नेता येते, मात्र कोणता प्रश्न विचारू नये आणि हवे ते उत्तर मिळाल्यावर कुठे खाली बसावे, हे बघूनच कळते. नवा वकील हवे ते उत्तर मिळाल्याच्या आनंदात आणखी एक प्रश्न विचारतो आणि साक्षीदार आपल्या आधीच्या उत्तराचा खुलासा करून मोकळा होतो. शेजारी बसलेल्या सीनियरने कोटाची बाही हळूच ओढली, तर तो प्रश्न टळतो. पक्षकाराशी कसे बोलावे, हाही या शिक्षणाचा भाग आहे. प्रकरण कमजोर असेल तर तसे तोंडावर सांगणे आणि तरीही माणूस कार्यालयातून धीर घेऊन बाहेर पडेल असे सांगणे सोपे नसते. निकाल काय लागेल यावर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांना मान्य नाही. हा नियम पुस्तकात एका ओळीचा आहे, पण समोर बसलेला पक्षकार स्वतःहून “जिंकलो तर वाटा देतो” म्हणतो, तेव्हा त्याला नकार कसा द्यायचा, हे ज्याने आपल्या सीनियरला तसा नकार देताना पाहिले आहे त्याला शिकवावे लागत नाही.

[दृश्य : मुंबई उच्च न्यायालयाची इमारत. जुनी छायाचित्रे.]

मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासात या परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरचे आहे. मुंबई प्रांताचे अॅडव्होकेट जनरल राहिलेल्या कांगांच्या चेंबरमधून एच. एम. सीरवाई, नानी पालखीवाला, फली नरिमन आणि सोली सोराबजी हे वकील घडले. प्राप्तिकर कायद्यावरचा जो ग्रंथ 1950 साली प्रसिद्ध झाला, त्यावर कांगांच्या नावाशेजारी पालखीवालांचे नाव होते आणि तेव्हा पालखीवाला तिशीच्या आसपासचे, वकिलीत नवे होते. आपल्या नावाची पत ज्युनियरच्या कामाला अशा रीतीने उघडपणे देणारे सीनियर तेव्हाही दुर्मीळ होते आणि आजही आहेत.

मार्गदर्शन म्हणजे गुरूची छापील प्रत काढणे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. या आक्षेपाला सर्वोच्च न्यायालयातील केशवानंद भारती खटल्याने परस्पर उत्तर दिले आहे. तेरा न्यायमूर्तींच्या पीठापुढे 68 दिवस चाललेल्या आणि 24 एप्रिल 1973 रोजी निकाल लागलेल्या या खटल्यात संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहेत असे मांडायला पालखीवाला उभे होते आणि केरळ सरकारच्या वतीने त्याच्या नेमका उलट युक्तिवाद सीरवाई करत होते. दोघे एकाच चेंबरमध्ये तयार झालेले होते. महंमद अली जीनांच्या चेंबरमध्ये काम शिकलेले एम. सी. छागला पुढे राजकारणात त्यांच्यापासून पूर्णपणे वेगळे झाले आणि 1947 साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, हेही याच जोडीला आठवावे.

अर्थात कांगांच्या चेंबरपर्यंत कोण पोहोचू शकत होते, हा प्रश्न या कौतुकात विसरता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली याच उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे लंडनची बॅरिस्टरी होती आणि कोलंबिया विद्यापीठ व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील उच्च शिक्षण होते. तरीही उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात तिथे, काम सॉलिसिटरांच्या, म्हणजे पक्षकार आणि बॅरिस्टर यांच्यामधल्या वकिलांच्या, मार्फत येत असे आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील बॅरिस्टरकडे ते येणे कठीण होते. विद्वत्तेत कुठेही कमी नसलेल्या माणसालाही ओळखीची दारे बंद राहू शकतात. आजच्या तालुक्याच्या गावी ही अडचण वेगळ्या रूपाने दिसते. वडील किंवा काका वकील असतील, तर टेबल, ग्रंथसंग्रह आणि सीनियर घरातच असतात. शेतमजुराच्या मुलीला मात्र बार रूममध्ये बसायला खुर्ची मिळवण्यापासून सुरुवात करावी लागते.

[दृश्य : खोलीत एकटीच बसून कायद्याचे पुस्तक वाचणारी तरुणी. भाड्याची पावती.]

दुसरी अडचण पैशाची आहे. ज्युनियरला पहिल्या वर्षी किती पैसे द्यायचे, हे ज्याच्या त्याच्या मनावर असते आणि अनेक ठिकाणी प्रवासखर्चापलीकडे काही मिळत नाही. “शिकायला मिळते आहे ना,” हे वाक्य या व्यवसायात फार सहज उच्चारले जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 रुपये आणि ग्रामीण भागात किमान 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. ही शिफारस आहे, सक्ती नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिलांकडून सनदेसाठी घेतल्या जाणाऱ्या अवाच्या सवा शुल्काला चाप लावून खुल्या प्रवर्गासाठी 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये ही कायद्यातील रक्कम कायम केली होती. सनदेचा उंबरठा त्यामुळे खाली आला, पण सनदेनंतरच्या दोन-तीन वर्षांचे घरभाडे कोणी द्यायचे, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

कायद्याने ही उमेदवारी बंधनकारक करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. 1961 च्या अधिवक्ता कायद्यात सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाची तरतूद होती आणि 1973 च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. बार कौन्सिलने 1995 साली नियम करून एक वर्षाचे प्रशिक्षण पुन्हा आणले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली तो नियम रद्द केला, कारण तसा नियम करण्याचा अधिकार कायद्याने कौन्सिलला दिलेलाच नव्हता. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा आली. परीक्षेने वाचन तपासता येते आणि तेवढे ती तपासते.

[दृश्य : संगणकासमोर बसलेली ज्युनियर. शेजारी चष्मा सारखा करत पडद्याकडे पाहणारे सीनियर.]

या नात्यात देणारा एकच असतो, असेही समजू नये. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तीस वर्षे फौजदारी वकिली केलेल्यांच्या जिभेवरचे आकडे एका रात्रीत जुने झाले. खुनाचे तीनशे दोन आता एकशे तीन झाले आहे आणि फसवणुकीच्या चारशे वीसचा मजकूर तीनशे अठराच्या चौथ्या पोटकलमात गेला आहे. त्यातही घटना 1 जुलैच्या आधीची असेल तर जुनाच दंडविधान लागू होतो, त्यामुळे दोन्ही आकडे डोक्यात ठेवावे लागतात. नव्या संहिता कोऱ्या मनाने वाचलेली ज्युनियर इथे सीनियरच्या उपयोगी पडते. ई-फायलिंगचे म्हणाल, तर पुष्कळ कार्यालयांत तो कारभार पहिल्या दिवसापासून ज्युनियरच्याच हाती असतो.

पगार देऊन शिकवण्याची एक व्यवस्था मात्र जिल्हा न्यायालयांत उभी राहिली आहे आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेनुसार ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांच्या बचावासाठी लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली. तेथील मुख्य लोक अभिरक्षकाला किमान दहा वर्षांचा आणि उपमुख्य लोक अभिरक्षकाला किमान सात वर्षांचा अनुभव लागतो. त्यांच्या हाताखाली सहायक लोक अभिरक्षक म्हणून नवे वकीलही घेतले जातात. दरमहा ठरलेले मानधन, रोजची प्रकरणे आणि वर अनुभवी माणूस या तिन्ही गोष्टी ओळखीशिवाय मिळण्याची अशी जागा या व्यवसायात क्वचितच सापडते. पदे थोडी आहेत, हा तिचा दोष.

[दृश्य : न्यायाधीश पदाच्या परीक्षेची तयारी करणारे तरुण. अभ्यासिका.]

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे या सगळ्याला नवे वळण मिळाले. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट या निकालाने परत आली. पदवी घेतल्यावर अभ्यासिकेत बसून थेट न्यायाधीश होण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आणि अनेक तरुणांची, विशेषतः लग्नाचा तगादा लागलेल्या मुलींची, वर्षांची गणिते बदलली. त्यांची तक्रार अनाठायी नाही. मात्र ज्याने कधी पक्षकाराच्या बाजूने उभे राहून तारीख मागितलेली नाही, त्याने तारीख द्यायची की नाही हे ठरवणे कितपत योग्य, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्नही तितकाच रास्त आहे. ही तीन वर्षे बार परीक्षेआधीच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातील. दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने उमेदवाराला प्रमाणपत्र द्यायचे आहे आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता घ्यायची आहे. उमेदवाराने त्या तीन वर्षांत किती दावे लिहिले आणि किती साक्षीदार स्वतः तपासले, हे त्या प्रमाणपत्रात नमूद करण्याची अट मात्र निकालात घातलेली नाही.