दिसायला सारखंच, तरी चूक

संध्याकाळचे साडेसात, नागपुरातलं मानेवाडा. नववीतली एक पोरगी बाबांच्या मोबाईलवर मराठीची ऑनलाईन टेस्ट देऊन राहिली आहे. 'वारा' शब्दाचं रूप लिहायचं होतं, तिनं लिहिलं 'वाऱ्यावर', आणि समोर लाल फुली. खाली बरोबर उत्तर दाखवलं, 'वार्‍यावर'. डोळे फाडून पाहिलं तरी फरक दिसत नाही ना? तिलाही नाही दिसला.

फरक आत आहे. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे मशीन ज्या कोडनं अक्षरं ओळखते त्यात, दोन तऱ्हांनी टाईप होतो, एकात नुक्ता म्हणजे खाली टिंब दिलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, त्याला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं कॅरेक्टर, म्हणजे वाचणाऱ्याला शब्द एकच पण मशीनसाठी दोन वेगळे, आणि टेस्ट बनवताना दोन्ही चालतील असं कोणी टाकलंच नाही तर पोरीचा मार्क गेला. ती ज्या सक्करदऱ्याला ट्युशनला जाते त्या नावाच्या या रूपातही हाच र आहे.

हीच पोरगी आजीच्या गोष्टी वहीत लिहायची, मले-तुलेसकट. आता वही बंद आहे. का, तर म्हणते, "दादा, टेस्टमध्ये चार ओळी लिहायचं येतच नाही, एखादा शब्द, नाहीतर नुसतं ए बी सी डी. मग कायले लिहू?" हे ऐकून खरंच वाईट वाटलं आम्हाला.

ऑनलाईनमुळे सगळंच बिघडलं असंही नाही हं. वर्गात तोंड न उघडणारी पोरं मोबाईलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करतात, ऐकतात, पुन्हा करतात. ते आम्ही पाहिलं.

१९८८ मध्ये, म्हणजे हे मोबाईल नव्हते तेव्हा, रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला, काहींना नुसते मार्क दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळाला त्यांचा रस टिकला. मार्क आणि शेरा सोबत दिले तिथे मात्र शेऱ्याचा उपयोग झाला नाही. आपल्या टेस्टमध्ये तर शेरा नसतोच, सबमिट केलं की डायरेक्ट आकडा.

ट्युशनच्या मॅडमनी या महिन्यात आकडा दाखवणं बंद केलं, रात्री बसून एकेका पोराला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात. हिला आलं, "बेटा, वाऱ्यावर तुझं बरोबरच होतं. आता त्यावर चार ओळी लिहून आण, तुझ्या आजीच्या बोलीत लिहिलं तरी चालेल."

मेसेज तिनं दोनदा ऐकला. मग दप्तरातून वही काढली.